स्ट्रॅटेजी गेमवरचा मराठी पॉडकास्ट: साताऱ्यातील कामाच्या नोंदी

१ जून २०२५

स्ट्रॅटेजी व्हिडिओ गेम आणि ते खेळणाऱ्यांच्या जगातल्या बातम्या या विषयावर मराठीत नियमित पॉडकास्ट करायचे आज नक्की झाले. असे काम दुसऱ्या कोणाला करायचे असेल तर त्याचा वेळ आणि पैसा वाचावा, म्हणून या नोंदी ठेवत आहे. आम्ही तिघे आहोत. मी सिव्हिलायझेशन मालिका खेळतो, शाहूपुरीत राहणारा माझा मित्र युरोपा युनिव्हर्सालिस खेळतो, आणि सांगलीला विश्रामबागेत राहणारी माझी मावसबहीण एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये आम्हा दोघांनाही सहज हरवते.

सुरुवातीला इंग्रजीतील दोन जुने कार्यक्रम लक्षपूर्वक ऐकले. पॉलिकास्ट २००६ पासून सिव्हिलायझेशन या एकाच मालिकेभोवती चालत आला आहे. २००९ मध्ये सुरू झालेला थ्री मूव्ह्ज अहेड वेगवेगळे खेळ घेतो आणि त्यावर जाणकारांची चर्चा घडवतो. आम्हाला दोन्हीतले थोडे हवे आहे. प्रत्येक भागात एका खेळावर सविस्तर बोलायचे आणि शेवटी बातम्या द्यायच्या. बातमीबाबत एक नियम आजच लिहून ठेवला आहे. खेळात काय बदलले हे सांगण्यापूर्वी तो बदल आमच्यापैकी कोणीतरी खेळून पाहिलेला असला पाहिजे. कंपनीचे निवेदन मराठीत वाचून दाखवण्यासाठी पॉडकास्टची गरज नाही. ते कोणीही दोन मिनिटांत वाचू शकतो.

खर्च असा झाला. यूएसबीला जोडता येणारे दोन डायनॅमिक माईक प्रत्येकी ६,४०० रुपयांना, टेबलाला आवळायचे दोन स्टँड मिळून १,८०० रुपयांना आणि पॉप फिल्टर (बोलताना माईकवर येणारी हवा अडवणारी जाळी) ५०० रुपयांना घेतले. एकूण १५,१०० रुपये झाले. एक माईक सांगलीला पाठवला. लॅपटॉप घरचेच आहेत आणि संपादनासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत मिळते.

८ जून

आजचा सगळा दिवस खोलीत गेला. गच्चीलगतची वरची खोली शांत म्हणून निवडली होती, परंतु फरशी, गिलाव्याच्या उघड्या भिंती आणि पत्र्याचे कपाट यांमुळे आवाज असा घुमत होता की, ध्वनिमुद्रण ऐकताना दोन वाक्यांनंतर कान थकत. पंख्याची घरघर संपादनात बऱ्यापैकी काढता येते, कारण ती एकसारखी असते. काही सेकंद नुसता पंख्याचा आवाज मुद्रित करून त्याचा नमुना ऑडॅसिटीला दिला की उरलेल्या आवाजातून तेवढा भाग वजा होतो. घुमणारा आवाज मात्र आपल्याच बोलण्याचा असतो, त्यामुळे तो नंतर निघत नाही. हे न कळल्यामुळे दुपारचे कित्येक तास मी संगणकावर नको ती खटपट करत बसलो.

आईने माळ्यावरच्या गोधड्या काढून दिल्या. बोलणाऱ्याच्या पाठीमागे दोरी बांधून त्यावर दोन जाड गोधड्या सोडल्या, समोरच्या भिंतीला गादी उभी केली आणि टेबलावर चादर घातली. माईक तोंडापासून वीतभर अंतरावर, पण थोडा बाजूला ठेवला. अगदी समोर ठेवल्यास ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांना हवेचा फटका बसतो. फरक लगेच ऐकू आला. ज्यांना हे काम सुरू करायचे आहे त्यांनी आधी खोली दुरुस्त करावी आणि मग माईकला पैसे घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी पंखा बंद ठेवावा लागतो. जूनमध्ये ते सोपे नाही, म्हणून सकाळी सहाची वेळ धरली आहे.

१५ जून

पहिले चाचणी मुद्रण मी घरातल्यांना ऐकवले आणि ते कोणालाही कळले नाही. दोष तंत्राचा नव्हता. मी आणि मित्र सिव्हिलायझेशन ७ चा नकाशा समोर उघडून बोलत होतो आणि आमची वाक्ये अशी होती: “इथे ही नदी आहे ना, तिच्या वर मी शहर टाकलं, आणि हा इकडून आला.” पडदा न पाहणाऱ्याला ‘इथे’, ‘ही’ आणि ‘इकडून’ यांतून काहीच मिळत नाही. या प्रकारच्या खेळात सगळा अर्थ जागेत असतो आणि पॉडकास्टमध्ये जागा दिसत नाही, ही या कामातली खरी अडचण आहे.

आता पद्धत बदलली आहे. बोलताना गेम बंद ठेवायचा आणि आधी काढलेल्या टिपणावरून बोलायचे. दिशा, अंतर आणि कारण या तीन गोष्टी वाक्यात आल्याच पाहिजेत. तोच प्रसंग पुन्हा असा मुद्रित केला: “माझी राजधानी समुद्रकाठी होती, तिच्या पूर्वेला दोन षट्कोन सोडून डोंगररांग होती आणि तिच्यात एकच खिंड होती, म्हणून दुसरे शहर मी सुपीक जमीन सोडून त्या खिंडीच्या तोंडाशी वसवले.” हे आईलाही समजले आणि तिने पुढे काय झाले ते विचारले. सिव्हिलायझेशनमध्ये २०१० च्या पाचव्या आवृत्तीपासून नकाशावर चौकोनी घरांऐवजी षट्कोनी घरे आली आणि एका षट्कोनावर लढाऊ तुकडी एकच उभी राहू शकते असा नियमही तेव्हाच आला. त्यामुळे खिंडीला एवढे महत्त्व का येते, हे सांगितल्याशिवाय खिंडीचा उल्लेख करण्यात अर्थ नाही.

२९ जून

पहिल्या भागासाठी ‘अणुबॉम्ब टाकणारे गांधी’ हा विषय घेतला. सिव्हिलायझेशन खेळणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ऐकलेली असते. १९९१ च्या पहिल्या खेळात गांधींच्या आक्रमकतेचा आकडा १ होता; भारताने लोकशाही स्वीकारली की त्यातून २ वजा होत; आकडा शून्याखाली जाऊ शकत नसल्याने तो उलटून सर्वांत मोठा, म्हणजे २५५, होई आणि गांधी सर्वांत आक्रमक नेते बनत, अशी ती गोष्ट. ऐकायला इतकी चोख आहे की, संगणकशास्त्राचे शिक्षकसुद्धा उदाहरण म्हणून ती सांगतात.

मित्राने लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात ही गोष्ट घडलेली म्हणूनच आली होती. पडताळताना ती टिकली नाही. खेळाचे निर्माते सिड मायर यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात अशी चूक खेळात नव्हती, असे सांगितले आहे. दुसऱ्या आवृत्तीचे मुख्य रचनाकार ब्रायन रेनॉल्ड्स यांनीही आक्रमकतेच्या पायऱ्या तीनच होत्या आणि गांधींची पायरी इतर अनेक नेत्यांसारखीच होती, असा खुलासा केला आहे. ही कथा २०१२ च्या सुमारास चाहत्यांच्या लिखाणातून पसरली. गंमत अशी की, २०१० च्या पाचव्या आवृत्तीत गांधींचा अण्वस्त्रांकडचा कल खरोखरच मुद्दाम १२ ठेवला होता, जेव्हा सर्वसाधारण मोजपट्टी १० पर्यंतच होती. म्हणजे नंतरच्या खेळातला एक खरा विनोद आणि आधीच्या खेळाबद्दलची एक खोटी आठवण एकत्र झाली.

या पडताळणीत मूळ लेखनापेक्षा जास्त वेळ गेला आणि पहिल्या भागाची तारीख आठवड्याने पुढे ढकलावी लागली. तरीही हा वेळ योग्य ठिकाणी गेला असे आम्हा तिघांना वाटते. चाहत्यांच्या जगातील बातम्या बहुतेक वेळा अशाच तयार होतात. कोणीतरी सुबक स्पष्टीकरण देतो, दुसरा ते उचलतो आणि दहा वर्षांनी त्याला इतिहास म्हटले जाते. मराठीत यावर बोलणारे आम्ही सुरुवातीच्या काही जणांपैकी असू, तर आमच्याकडून पसरलेली चूक दुरुस्त करणाराही लवकर भेटणार नाही. भागात आम्ही आधी प्रचलित गोष्ट पूर्ण सांगितली, तिच्यातील गोडी तशीच ठेवली आणि मगच ती मोडली. सुरुवातीलाच ‘हे खोटे आहे’ म्हटले असते, तर ऐकणाऱ्याला ती एवढी का पसरली हे कळले नसते.

६ जुलै

आज पहिला भाग प्रसिद्ध झाला. तांत्रिक बाबी थोडक्यात लिहितो. मूळ मुद्रण एकाच वाहिनीचे, म्हणजे मोनो, ४४.१ किलोहर्ट्झवर ठेवतो. तासाभराची फाइल साधारण ३१७ एमबी होते. प्रसिद्धीसाठी ती ६४ केबीपीएस एमपी३ मध्ये उतरवली की तासाला २९ एमबीच्या आत बसते. केवळ बोलण्यासाठी हे पुरेसे आहे आणि गावाकडे कमी नेटवर्कवर ऐकणाऱ्यालाही ते परवडते. आवाजाची एकूण पातळी मोनोसाठी उणे १९ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजण्याचे एकक) ठेवली आहे. मुखपृष्ठाचे चित्र चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेलचे लागते.

सुरुवातीच्या संगीतासाठी खेळातीलच धून वापरावी असा मित्राचा आग्रह होता. तो मी मानला नाही. ती धून कोणाच्या तरी मालकीची असते, आणि कोठेतरी आपोआप तपासणीत ती पकडली गेली की सगळा भाग अडकतो. त्याऐवजी मित्राच्या गावच्या एका हलगीवादकाला गच्चीवर बोलावून आठ सेकंदांचा तुकडा मुद्रित केला आणि त्याबद्दल त्याला ५०० रुपये दिले. हलगीचा पहिला ठोका एवढा जोरात येतो की, माईक दहा फुटांवर ठेवूनही पातळी कमी करावी लागली.

२० जुलै

सांगलीच्या मावसबहिणीसोबतचा पहिला भाग दोनदा जुळवावा लागला. आम्ही फोनवर बोलतो, पण दोघे आपापल्या संगणकावर स्वतःचा आवाज मुद्रित करतो आणि नंतर दोन्ही फाइली जोडतो. फोनवरून आलेला आवाज थेट वापरण्यापेक्षा हे कितीतरी चांगले ऐकू येते. सुरुवातीला दोघांनी एकदम टाळी वाजवली आणि त्या टाळीवर फाइली जुळवल्या. पहिली दहा मिनिटे संभाषण बिनचूक होते. अर्ध्या तासानंतर मात्र ती माझा प्रश्न संपण्याआधीच उत्तर देऊ लागली.

कारण असे आहे की, दोन यंत्रांची अंतर्गत घड्याळे अगदी सारखी चालत नाहीत. सेकंदाला जाणवणार नाही इतका फरक तासाभरात साचत जातो. उपाय म्हणून आता शेवटीही टाळी वाजवतो. पहिली टाळी जुळवल्यावर शेवटच्या टाळीतील अंतर पाहायचे आणि तेवढ्या प्रमाणात एक फाइल किंचित ताणायची. ऑडॅसिटीमध्ये स्वर न बदलता वेग बदलण्याची सोय आहे. सुरुवातीचा भाग तिने कापून टाकला होता, त्यामुळे एका मुद्रणातील टाळीच हरवली. तेव्हापासून कच्ची फाइल कोणीही कापायची नाही, असे ठरले आहे.

३ ऑगस्ट

मावसबहिणीने एज ऑफ एम्पायर्स २ च्या सुरुवातीच्या मिनिटांवर भाग केला. हा खेळ १९९९ चा आहे, आणि २०१९ मध्ये नव्या रूपात आल्यानंतर तो आजही स्पर्धांत खेळला जातो. पहिल्या मुद्रणात तिने खेळाडूंच्या सवयीप्रमाणे क्रम सांगितला: सहा गावकरी मेंढ्यांवर, पुढचे चार लाकडावर, त्यानंतरचा रानडुकराला, मग बोरांवर. ज्याला हे माहीत आहे त्याला ते ऐकण्याची गरज नाही आणि ज्याला माहीत नाही त्याला चार आकड्यांनंतर काही आठवत नाही. मी तिला तसे सांगितले.

“मग काय करू, दादा? क्रम तर हाच आहे.”

“सहाच का, ते सांग.”

तिने फोनवर थोडा वेळ घेतला आणि मग जे सांगितले ते तसेच भागात ठेवले आहे. एक गावकरी तयार व्हायला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात. म्हणजे गावकरी जिथे तयार होतात ते केंद्र अखंड चालू ठेवायचे तर दर सेकंदाला २ अन्न आले पाहिजे. मेंढीवरचा एक गावकरी साधारण ३ सेकंदांत १ अन्न आणतो. म्हणून सहा. पाच ठेवले तर केंद्र मध्येच थांबते, आठ ठेवले तर अन्न साठून पडते आणि लाकूड कमी पडून घरे अडतात. एका मेंढीत १०० अन्न असते आणि रानडुकरात ३४०, म्हणून जीव धोक्यात घालून डुकराला केंद्राजवळ ओढून आणणे परवडते. दुसऱ्या युगात जायला ५०० अन्न लागते, ते कोठून येणार हे या हिशोबातूनच कळते. एवढे ऐकल्यावर क्रम पाठ करावा लागत नाही, तो स्वतःच मांडता येतो. माझ्या मते आमच्या सगळ्या भागांत हा सर्वांत उपयुक्त आहे आणि त्यात एकही बातमी नाही.

बातम्यांच्या भागात याच खेळाचा ‘थ्री किंगडम्स’ हा मे महिन्यात आलेला विस्तार, म्हणजे मूळ खेळाला जोडायची नवी भर, घेतला. त्यात शू, वेई आणि वू ही तीन राज्ये आली आणि प्रत्येकाला एक नायक मिळाला, जो क्रमवारीच्या सामन्यांतही वापरता येतो. चाहत्यांचा राग दोन गोष्टींवर होता. चीनमधील तीन राज्यांचा काळ इ. स. २२० ते २८० हा आहे, तर हा खेळ रोमच्या पडझडीनंतरच्या मध्ययुगाचा. शिवाय नायक हे आतापर्यंत केवळ कथानकाच्या मोहिमांत असत. मावसबहिणीने त्या राज्यांसह आणि त्यांच्याविरुद्ध भरपूर सामने खेळून मत दिले. नायक शेवटच्या युगात मिळतो आणि बरेच सामने त्याआधीच निकाली निघतात, त्यामुळे खेळ बिघडला असे तिला वाटत नाही. काळाबद्दलचा आक्षेप मात्र तिला पूर्ण मान्य आहे. हे दोन आक्षेप वेगळे करून बोलणे तिला जमले, कारण तिने ते खेळून पाहिले होते.

२४ ऑगस्ट

पावसाने मुद्रण अडले. शेजारच्या पत्र्यावर पडणारा पाऊस पंख्यासारखा एकसारखा नसतो, त्यामुळे तो आवाज काढता येत नाही. सांगलीला कृष्णेचे पाणी वाढल्याने मावसबहिणीच्या घरी सामान वर हलवण्याची धावपळ होती, म्हणून तिला या आठवड्यात विचारलेही नाही.

या सक्तीच्या सुट्टीत आणखी एक गोंधळ निस्तरला. मागील भागात एका विस्ताराची तारीख चुकीची गेली होती. दुरुस्त फाइल आम्ही नवा भाग म्हणून चढवली आणि जुना भाग काढून टाकला. परिणामी अनेकांच्या ॲपमध्ये तोच भाग दोनदा दिसू लागला. प्रत्येक भागाला फीडमध्ये, म्हणजे ॲप जिथून भागांची यादी घेते त्या फाइलमध्ये, एक कायमची ओळख असते. ती तशीच ठेवून फक्त आतली फाइल बदलायला हवी होती. तशी बदलली तरी ज्यांनी आधीच उतरवून घेतला आहे त्यांच्याकडे जुनाच आवाज राहतो. म्हणून बातमीतील चूक ही पुढच्या भागाच्या सुरुवातीला बोलूनच दुरुस्त करावी लागते. यापुढे दुरुस्ती पहिल्या दोन मिनिटांत येईल, शेवटी नाही. शेवटपर्यंत सगळे ऐकत नाहीत.

३१ ऑगस्ट

गणेशोत्सव. सकाळी सहालाही आरतीचे ध्वनिक्षेपक सुरू असतात. विसर्जनापर्यंत मुद्रण बंद. आधी करून ठेवलेला भाग प्रसिद्ध केला. पुढील वर्षी जुलैमध्येच दोन भाग शिलकीत ठेवले पाहिजेत.

१४ सप्टेंबर

हा भाग करण्यासाठीच हा सगळा खटाटोप केला असे आज वाटले.

क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीच्या २००९ च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’ या खेळात मराठे हा खेळता येणारा पक्ष आहे आणि त्याची मोठी मोहीम १७०० मध्ये सुरू होते. त्या वर्षी प्रत्यक्षात साताऱ्यात काय चालले होते, हे सांगायला आमच्या ओळखीचे निवृत्त इतिहास शिक्षक आले. औरंगजेब डिसेंबर १६९९ मध्ये स्वतः साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाले. एप्रिलमध्ये किल्ला पडला. वेढ्यात मोगलांनी पेरलेल्या सुरुंगांपैकी एकाचा स्फोट उलट बाजूला होऊन तट त्यांच्याच माणसांवर कोसळला. सर हे सांगत असताना खिडकीतून दिसणाऱ्या अजिंक्यताऱ्याकडे, म्हणजे त्याच किल्ल्याकडे, वळत आणि त्या क्षणी त्यांचा आवाज माईकमधून गायब होई. त्यांना थांबवणे योग्य वाटले नाही. आम्ही मध्यंतरात माईकच उचलून त्यांच्या आणि खिडकीच्या मध्ये ठेवला. दुसऱ्या अर्ध्या भागात ते किल्ल्याकडे पाहतच बोलले आणि मुद्रण उत्तम आले. पहिल्या अर्ध्यातील हरवलेली वाक्ये उचलून घेण्यात माझी संपूर्ण संध्याकाळ गेली आणि काही वाक्ये शेवटी सोडून द्यावी लागली.

आधी आम्ही सरांना तो खेळ लावून दाखवला होता. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, “अरे, यात रसद कुठे दिसते?”

प्रश्न नेमका होता. ‘एम्पायर’ मध्ये फौजेचा खर्च तिजोरीतून जातो, पण फौज कोठे उभी आहे आणि तिथे तिला दाणागोटा मिळतो का, याचा हिशोब नाही. मुलूख प्रतिकूल असेल तर फौज झिजत जाण्याचा नियम त्याच कंपनीने २०१० च्या ‘नेपोलियन: टोटल वॉर’ मध्ये आणला. मित्राने मग युरोपा युनिव्हर्सालिस ४ उघडून दाखवला. त्यात प्रत्येक प्रांत किती फौज पोसू शकतो याची मर्यादा असते, तिच्यावर फौज नेली की दर महिन्याला माणसे कमी होतात आणि मान्सूनच्या काळात ही झीज वाढते. सर खुर्ची पुढे ओढून बसले. सातारा घेतल्यावर बादशहाने परळीचा, म्हणजे सज्जनगडाचा, वेढा पावसाच्या तोंडावर चालवला आणि ऑक्टोबरमध्ये माणगंगेकाठी खवासपूरला छावणी पुरात सापडली, हे त्यांनी सांगितले. मराठ्यांनी त्या काळात मैदानी लढाया टाळून रसद तोडण्यावर भर का दिला, हे त्या एका नियमातून तरुण खेळाडूला समजू शकते आणि ‘एम्पायर’ मधून समजत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. मला तो पूर्ण पटला. मराठे खेळात आहेत एवढ्यावर आपण समाधानी राहतो. ते ज्या पद्धतीने लढले ती पद्धत खेळात आहे का, हे विचारायला हवे.

सरांचा आवाज आमच्यापेक्षा मृदू आहे. सगळ्यांची एकत्र पातळी वाढवली तर आम्ही ओरडल्यासारखे ऐकू येतो, म्हणून प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक ठेवून आधी त्यांचा वाढवला आणि मग सगळे एकत्र केले. पाहुण्यासाठी ९०० रुपयांचा कॉलरला लावायचा माईक मागवला आहे.

५ ऑक्टोबर

बातम्या शिळ्या होण्याचा प्रश्न सुटला आहे असे आता म्हणता येईल. सिव्हिलायझेशन बनवणारी फिरॅक्सिस अमेरिकेत मेरीलँडला आहे, त्यामुळे तिच्या घोषणा आपल्याकडे बहुधा रात्री येतात. युरोपा युनिव्हर्सालिस ५ वर काम करणारा पॅराडॉक्स कंपनीचा टिंटो स्टुडिओ स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळ आहे आणि खेळाबद्दलच्या त्यांच्या बुधवारच्या टिपणांची वेळ आपल्याकडे संध्याकाळची पडते. आम्ही पूर्वी सगळा भाग एका बैठकीत मुद्रित करत असू आणि संपादन होईपर्यंत त्यातील बातमीवर नवी बातमी आलेली असे. आता मुख्य चर्चा आठ-दहा दिवस आधी होते आणि बातम्यांचा दहा मिनिटांचा भाग प्रसिद्धीच्या आदल्या रात्री वेगळा मुद्रित करून जोडला जातो. मुख्य चर्चेत ‘कालच’, ‘या आठवड्यात’ असे शब्द वापरायचे नाहीत, तारीख सांगायची. दोन्ही मुद्रणे एकाच खोलीत, त्याच गोधड्या लावून झाली पाहिजेत. एकदा बातम्या खालच्या खोलीत केल्या, तेव्हा भागाच्या मध्यात माणूस दुसऱ्या घरात गेल्यासारखे ऐकू आले.

१२ ऑक्टोबर

श्रोत्यांच्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: सिव्हिलायझेशन ७ च्या मूळ खेळात भारतातून प्राचीन युगासाठी मौर्य, शोधयुगासाठी चोळ आणि आधुनिक युगासाठी मुघल आहेत, मग मराठे का नाहीत? या भावनेत मी सहभागी आहे. परंतु नुसती तक्रार वाचून दाखवण्याऐवजी आम्ही श्रोत्यांना उलट प्रश्न केला की, मराठे आणायचे तर त्यांचा खास नियम कोणता असावा. आलेल्या उत्तरांत चौथाई होती, म्हणजे शहर न जिंकता शेजाऱ्याच्या उत्पन्नातून वाटा घेणे; डोंगरावर बांधलेल्या किल्ल्याभोवती शत्रूची हालचाल मंदावणे होते; आणि एका कॉलेजातील विद्यार्थिनीने सुचवलेले, युद्ध चालू असताना राजधानी पडली तरी सत्ता न कोसळणे, हेही होते. तिने त्याला जिंजीचा आधार दिला होता. रायगड गेल्यानंतरही राज्य जिंजीहून चालले, त्यामुळे सूचना इतिहासाला धरून आहे. मित्र आता यातील चौथाईचा नियम मॉड म्हणून, म्हणजे खेळाडूने स्वतः खेळात केलेला बदल म्हणून, करता येतो का ते पाहत आहे.

९ नोव्हेंबर

युरोपा युनिव्हर्सालिस ५ मंगळवारी, ४ तारखेला आला. पहिल्याच दिवशी भाग काढण्याचा मोह टाळला आणि मित्राने हे पाच दिवस मिळेल तेवढा वेळ खेळून टिपणे काढली. चौथी आवृत्ती ११ नोव्हेंबर १४४४ ला, वार्नाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. ही १३३७ मध्ये. म्हणजे विजयनगरची स्थापना नुकतीच झालेली आहे आणि बहामनी राज्याला अजून दहा वर्षे आहेत. नव्या खेळात प्रत्येक ठिकाणची लोकसंख्या वेगवेगळ्या समाजगटांत मोजली जाते आणि राजधानीपासूनचे अंतर, भूभाग व रस्ते यांवरून तिथले नियंत्रण ठरते. मित्राने दिल्लीचे राज्य घेतले, तेव्हा दख्खन नकाशावर त्याच्या रंगात होते, पण तिथून तिजोरीत फारच थोडे येत होते. मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवण्याचा खटाटोप का केला असेल, हे त्याला दुसऱ्या संध्याकाळी उमगले, आणि भागाची सुरुवात त्याने तिथूनच केली.

भागात आम्ही खेळातील त्रुटींची यादी दिलेली नाही. पहिल्या आठवड्यातील दुरुस्त्या इतक्या झपाट्याने येतात की, आज सांगितलेली त्रुटी भाग प्रसिद्ध होईपर्यंत उरलेली नसते. त्याऐवजी जुन्या संगणकावर खेळ कसा चालतो हे सांगितले, कारण आमच्या बहुतेक श्रोत्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. मित्राच्या लॅपटॉपवर काळ जसजसा पुढे जातो तसतसा महिना उलटायला अधिक वेळ लागतो. त्याने चित्रांचा दर्जा खाली आणला, तरी हिशोबाचा भार प्रोसेसरवरच असल्याने फरक थोडाच पडला.

सरांनी भागाचा कच्चा मसुदा ऐकून दोन ठिकाणी सनावळी तपासायला सांगितली आहे. त्या तपासून होईपर्यंत भाग राखून ठेवला आहे. बातम्यांचा तुकडा शनिवारी रात्री मुद्रित होईल.